सावलीतले दोन पाय

१

माझी ड्युटी सहाला सुटते. म्हणजे कागदावर सहाला. सहाला पाच कमी असताना आमच्या डॉक्टरसाहेबांना एखादा सलाईनचा पेशंट आठवला नाही, असा दिवस शिरूरात उगवलेला नाही. तरी सव्वासहाला मी सायकल काढायचेच, कारण पाच किलोमीटरवर पांढरवस्तीत चतुरामावशी माझी वाट बघत बसलेली असायची.

चतुरामावशी माझी कुणी सख्खी नाही. तिची सून रूपाली माझी शाळेपासूनची मैत्रीण. दिवाळी झाली की रूपाली आणि तिचा नवरा शहादेव ऊसतोडीला जातात, ते थेट उन्हाळ्यातच परत येतात. मावशीला साखरेचा आजार. रोज संध्याकाळी जेवणाआधी इन्सुलिन लागतं. नजर अधू, हात थरथरतो, सिरिंजवरच्या रेघा तिला दिसत नाहीत. एरवी टोचायचं काम रूपालीचं. यंदा ट्रॅक्टरवर चढता चढता तिनं माझा हात धरला.

"प्रिया, सासू तुझ्या हवाली करून चाललेय. मी यीस्तोवर तिला काय होऊ दिऊ नको."

"जा गं निवांत," मी म्हणाले. बोलायला काय जातं!

पांढरवस्ती म्हणजे अकरा घरं. हंगामात त्यातल्या नऊ घरांना कुलूप, आणि कुत्री-मांजरं शिरू नयेत म्हणून दारात बोराटीची काटेरी फांदी आडवी. दहाव्या घरात धुळाजी नावाचे आजोबा, कानानं ठार बहिरे. अकराव्यात मावशी. रस्ता कच्चा, मध्ये सिंदफणेचं कोरडं पात्र. स्कूटी मी जन्मात एकदा चालवली, बाभळीत घातली आणि ज्याची त्याला परत दिली. म्हणून सायकल. हँडलला ट्यूबच्या तुकड्यानं एक जुनी टॉर्च बांधलेली. तिचा उजेड एवढाच की टॉर्च चालू आहे हे कळावं.

पोचले की माझं काम ठरलेलं. आधी बोटाला टोचून साखर बघायची, मग इंजेक्शन, मग मावशी जेवेपर्यंत तिच्यासमोर मांडी घालून बसायचं. इन्सुलिन घेऊन माणूस उपाशी राहिला तर साखर इतकी खाली जाते की जिवावर बेततं. मावशी भाकरी चावता चावता मला सगळ्या वस्तीच्या सोयरिकी सांगायची. मी हूं हूं करायचे.

आणखी एक सांगून ठेवते. मी घाबरट नाही. आमच्या घरात भूत, करणी, भानामती असा शब्द निघाला तरी माझे वडील, आबा, वाढलेल्या ताटावरून उठवायचे. "पुरावा आण, मग जेव," म्हणायचे. त्यामुळे मी जे बघितलं तेवढंच सांगणार आहे. ते काय होतं हे मला विचारू नका.

२

फाट्यावर हायमास्टचा मोठा दिवा आहे. तो पाठीशी टाकून कच्च्या रस्त्याला लागलं की सायकलची सावली आपल्यापुढं पसरते, आणि लांब लांब होत अंधारात जाते. रोज बघायचे मी ती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी त्या सावलीत काहीतरी जास्तीचं दिसलं. माझं डोकं, खांदे, हँडल, सगळं नेहमीसारखं. फक्त डाव्या बाजूला मागच्या चाकाशी दोन पाय लोंबत होते. साडी नेसलेली बाई कॅरिअरवर एका अंगानं बसते ना, तसे. पॅडल मारताना माझे पाय वर-खाली होत होते. ते दोन पाय तसेच. खड्डा आला की जरा हलायचे.

मी ब्रेक दाबला आणि मागं बघितलं. कॅरिअरवर माझी डब्याची पिशवी होती. पिशवीचे बंद लोंबत असणार, दुसरं काय? बंद गुंडाळून आत खोचले आणि निघाले. पाय होतेच.

दुसऱ्या दिवशी पिशवी हँडलला अडकवली. कॅरिअर अगदी रिकामं. हात फिरवून बघितला, गार लोखंड. फाटा मागं पडला आणि सावलीत पाय आले. परत येताना वस्तीच्या तोंडाशी ग्रामपंचायतीचा सौर दिवा आहे, त्याच्या उजेडातही आले. म्हणजे जी कोण होती ती माझ्याबरोबर जायची आणि माझ्याबरोबर यायची. सायकल जड लागत नव्हती, हे विशेष. चढावर मी नेहमीइतकीच धापत होते.

मग एक आवाज लक्षात आला. मी बसले की सीटची स्प्रिंग वाजते, हे वर्षानुवर्षांचं. आता त्यानंतर एक क्षण जायचा आणि कॅरिअर वाजायचं. कर्र. अंग सांभाळून, दमानं कुणी टेकावं तसं.

मी डोळे तपासून घेतले. आमच्याच दवाखान्यात, फुकट. नंबर काही निघाला नाही. बी.पी. बघितलं, तेही चांगलं. आबा असते तर म्हणाले असते, सावली आहे म्हणजे उजेड कुठून तरी येतोय, आणि तुझा स्वतःचा उजेड त्याहून कमी पडतोय. या एका वाक्याला मी घट्ट धरलं. टॉर्च भिकार आहे म्हणून हे सगळं. रस्ता लख्ख उजळला तर सावली उरेल कशाला?

३

गुफरानभाईंचं सायकलचं दुकान बसस्टँडच्या मागं आहे. माणूस लई बोलका. पंक्चर काढायला सायकल द्यावी तर पंक्चर दहा मिनिटांत आणि गप्पा अर्धा तास.

"चार्जिंगचा लाईट पाहिजे, गुफरानभाई. सगळ्यात जास्त उजेडाचा."

"कावून सिस्टर? बिबट्या दिसला का?"

"खड्डे दिसत नाहीत," मी म्हणाले.

त्यांनी कपाटातून तीन डबे काढले, शटर अर्धं खाली ओढलं आणि समोरच्या भिंतीवर एकेक लाईट मारून दाखवायला लागले. पहिल्या डब्यावर मोठ्या अक्षरात उजेडाचं माप, बाराशे लुमेन. भिंतीवर मात्र दुधात पाणी घातल्यासारखा उजेड.

"बाराशे म्हणून लिवलंय ह्यांनी. अजी, लिवायला काय? मी बी दुकानावर लिवतो, गुफरान, उंची सहा फूट. कुणी मोजाया येतंय का?" गुफरानभाई माझ्या खांद्याला लागतात. मला हसू आवरेना.

दुसरा चारशेचा, पण खरा चारशेचा. भिंतीवर त्याचा उजेड वरून सरळ रेघेत कापलेला होता, खाली रुंद आणि सारखा. "ह्याला म्हणतात कामाचा लाईट. उजेड रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यात जात न्हाई. उसाच्या गाडीचे बैल बुजत न्हाईत. मोबाईलच्याच चार्जरवर लागतो, पाच घंटे चालतो. क्लॅम्प स्क्रूचा हाय, रबराचा न्हाई. पाण्यानं बी बिघडत न्हाई."

"आणि तिसरा?"

तिसरा त्यांनी लावला आणि दुकानातला कोपरान् कोपरा पांढरा झाला. छताला टांगलेले टायर, कॅलेंडर, भाईंच्या दाढीतले केस. "हजाराचा. ह्यात झूट न्हाई. पण फुल्लवर सव्वा घंटा, बस. मग लाल ठिपका येतो अन् लाईट आपल्या मर्जीनं उजेड उतरवतो, मेणबत्तीएवढा. सिस्टर, माझं ऐका. रोजच्या जाण्यायेण्याला किती लांब दिसतं ते नका बगू. किती टाइम टिकतो ते बगा."

"तिसरा द्या."

"एवढ्या उजेडात समोरचं लई दिसतं. बाजूचं कायच दिसत न्हाई. नजर आंधळी होती."

"हरकत नाही," मी म्हणाले. मला बाजूचं बघायचंच नव्हतं.

४

त्या संध्याकाळी फाट्यावर मी लाईट फुल्लवर टाकला आणि रस्ता दिवसासारखा पुढं आला. खडे मोजून घ्यावेत इतका. हायमास्टची सावली त्यात कुठल्या कुठं विरून गेली. पाय नाहीत, डोकं नाही, काही नाही. आबांचं वाक्य खरं ठरलं. मी त्या दिवशी वस्तीपर्यंत गाणं म्हणत गेले.

गाणं म्हणण्याचं खरं कारण वेगळं होतं. कॅरिअर अजून वाजत होतं.

सावली दिसत होती तेव्हा निदान कळत तरी होतं की मागं काय आहे, कसं बसलंय. आता नुसती ती एक कर्र, आणि माझी पाठ. पाठीला काही लागत नव्हतं, श्वास नाही, स्पर्श नाही. तरी वस्तीच्या दिव्याशी पोचेपर्यंत पाठ आखडून जायची. मी जोरात सायकल मारायला लागले. आणि परत जायचा रस्ता अजून बाकी आहे या विचारानं मावशीकडं बसणंही कमी करत गेले. आधी दहा मिनिटं, मग पाच, मग टोचलं की उठले. लाईट सव्वा तासच टिकतो, असं मी मावशीला सांगायचे. घरात गेल्यावर तो बंद करून ठेवता येतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. निमित्त पाहिजे होतं.

"बस की गं जरा," मावशी म्हणायची. "कुटं गाव जळायलंय?"

"नको मावशी, अंधार आहे."

"अंधाराला काय झालं? एवढा मोठा दिवा आणलास, अन् पयल्यापेक्षा जास्तीच भ्याया लागलीस."

म्हातारी अधू नजरेनं एवढं बघते, याचा मला रागच आला. मी चप्पल घातली आणि निघाले.

५

जानेवारीत पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शिरूरात सकाळपासून दुपारपर्यंत लाईट नव्हती. संध्याकाळी निघताना माझा दिवा अर्धामुर्धाच चार्ज झालेला. त्यामुळे आज तर जास्तच घाई.

मावशी घरात मधोमध बसली होती, मांडीवर मोबाईल. बोलत नव्हती. एरवी तोंडाचा पट्टा बंद नसतो.

"जेवण तयार आहे ना, मावशी?"

"हाय की. टोच तू. तू गेलीस की खाते."

रोज मी आधी साखर बघायचे. त्या दिवशी मशीन पिशवीतून काढलंच नाही. कालची चांगली होती, आजची चांगलीच असणार. सिरिंज भरली, दंडाला टोचलं, कापूस दाबला. उठताना चुलीजवळून गेले. चुलीला धग नव्हती. दुपारीच भाकरी केल्या असतील, असं मनात म्हटलं आणि दार ओढून घेतलं. सायकलवर बसले, सीट वाजली, आणि कॅरिअर वाजायच्या आत मी पॅडल मारून सुटलेच.

सिंदफणेच्या पात्रात उतरताना चेन पडली. साधी पडली नाही, गार्डच्या आत जाऊन अडकली. लाईट फुल्लवर ठेवून वाळूत उकिडवी बसले आणि काड्यांनी, केसातल्या पिनेनं, शेवटी दातओठ खाऊन ती ओढत राहिले. अर्धा तास तरी गेला. हात काळे झाले, गुफरानभाईंच्या सात पिढ्या मनातल्या मनात उद्धरल्या. चेन बसली तेवढ्यात दिव्यावर लाल ठिपका आला. लाईट आपल्या मर्जीनं उतरला, मेणबत्तीएवढा.

पात्राच्या चढावर सायकल ढकलत आले आणि बसले. मागं वस्तीकडच्या डोंगरावर चंद्र चांगला हातभर वर आला होता. रस्ता चांदण्यानं पांढरा. आणि महिन्याभरात पहिल्यांदा माझी सावली माझ्यापुढं पडली.

बघायचं नाही असं ठरवून बघितलं. डोकं, खांदे, हँडल. डावी बाजू मोकळी. मागच्या चाकाशी काहीच नाही. मी एकटी होते.

काय सांगू किती बरं वाटलं! मी हसले, मोठ्यानं हसले. सुटले बाई, असं तोंडानं म्हणाले. दोन पॅडल मारली, तिसरं मारलं.

चौथ्याला पाय थांबला. ती रोज माझ्याबरोबर जायची आणि माझ्याबरोबर यायची. मग आज ती मागं कशाला राहिली?

आबांना पुरावा लागायचा. सावलीत नसलेल्या पायांना पुरावा म्हणत नाहीत, हे मलाही कळतं. पण त्या प्रश्नामागून चूल डोळ्यासमोर आली. गार चूल. बंद तोंडाची मावशी. पिशवीतून न काढलेलं मशीन. हा सगळा पुरावा तासाभरापूर्वी माझ्या हातात होता आणि मी तो ओलांडून आले होते, नर्स असून. का, तर मला माझ्या पाठीची भीती वाटत होती. मला माझीच इतकी लाज वाटली की बाकी सगळी भीती तिच्याखाली दबून गेली. सायकल वळवली आणि चंद्राकडं तोंड करून मारत सुटले.

६

दार ढकललं. आत मिणमिणता बल्ब होता.

मावशी मी सोडून गेले होते तिथंच होती, घराच्या मधोमध. भिंत तिच्यापासून दोन हात लांब, खांब त्याहून लांब. आणि ती रेलून बसली होती. पाय पुढं पसरलेले, अंग पूर्ण मागं टाकलेलं, मान उजवीकडं कललेली, जशी कुणाच्या खांद्यावर टेकवावी तशी. तिच्या पाठीशी काही नव्हतं. तसं रेलून बसलेलं माणूस क्षणभर टिकत नाही, मागं पडतंच. ती पडत नव्हती.

मी उंबऱ्यात किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही. एक श्वास असेल. मग धावले, गुडघ्यावर बसून तिच्या पाठीमागं हात घातला, आणि तेव्हा कुठं तिचं वजन आलं. सगळंच्या सगळं, एकदम, माझ्या हातावर. कुणी सोपवावं तसं.

अंग घामानं भिजलेलं. डोळे उघडे, पण जीभ जड. मी बोटाला टोचलं. शेहेचाळीस. तांब्यात साखर घातली, बोटानं ढवळली आणि चमच्या-चमच्यानं पाजत राहिले. "गिळा मावशी, गिळा, माझ्याकडं बघा." गिळत होती. पंधरा मिनिटांनी अठ्ठ्याहत्तर. आणखी गूळ चारला. मग तिनं मला ओळखून माझ्या काळ्या हाताकडं बघितलं.

"कुटं हात घातलास, भवाने?"

मला रडू कोसळलं. आणि तेवढ्यात तिच्या मांडीवरून घसरलेला मोबाईल वाजला. रूपाली होती. ओरडूनच बोलत होती, मागं ट्रॅक्टरचा आवाज. "आत्या, पोचलो! टायर फुटलता, म्हणून येळ झाला. समदे बरे हाईत. जेवा आता."

फोन ठेवल्यावर मावशीनं सगळं सांगितलं. रूपालीची ऊसतोडीची टोळी आज पहाटे दुसऱ्या कारखान्याच्या हद्दीत हलली होती. पोरं अशी हलली की पोचल्याचा फोन येईपर्यंत मावशी तोंडात घास घालत नाही. ट्रॅक्टर पलटतात, आपण ऐकतोच. तिची सासूही घालत नव्हती. तेव्हा फोन नव्हते, सांगावा यायला दोन-दोन दिवस लागायचे.

"मला का नाही सांगितलं? मी इंजेक्शन दिलंच नसतं!"

"म्हणून तर. नेम हाय तो. सांगितलं की मोडतो."

मी तिला रागावले. भरपूर रागावले. मग चूल पेटवली, पिठलं टाकलं, दोन भाकरी थापल्या. ती खाऊ लागल्यावर मी मान खाली घालून, सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, मी यायच्या आधी इथं कोण होतं?"

"कोण असतंय? तूच की."

"मी आत्ता आले."

"चल! टोचल्यापसून मागं बसून धरलंस मला. म्हणलं, आज पोरीला टाइम हाय वाटतं." तिनं पिठल्यात भाकरी बुडवली. "लई बरं वाटलं बघ."

मी पाण्याचा तांब्या तिच्याजवळ सरकवला.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी गुफरानभाईंच्या काउंटरवर हजाराचा लाईट ठेवला. "बदलून द्या. चारशेचा."

"म्हणलं व्हतं ना!" त्यांना कोण आनंद. स्क्रूचा क्लॅम्प त्यांनी स्वतः बसवला, उजेडाची रेघ चाकाच्या पुढं आठ-दहा हातांवर टेकवून दिली. "खड्डे भरले का रस्त्याचे?"

"नाही. आहेत तसेच. सवय झाली."

संध्याकाळी साखर आधी बघितली. मग सुई. मग मांडी घालून बसले. मावशी दीड भाकरी खाऊन, हात धुऊन, एका सोयरिकीची पूर्ण कुळकथा सांगून होईपर्यंत उठले नाही. घड्याळ बघितलं नाही. पुढच्या वेळी टोळी हलेल तेव्हा आधी मला सांगायचं, मग मीही तिच्यासोबत फोनची वाट बघत बसेन, पण इंजेक्शनची वेळ मी ठरवणार, असं आमचं ठरलं. मावशी कुरकुरली आणि कबूल झाली.

बाहेर येऊन सायकल स्टँडवरून काढली. नवा लाईट लावला. समोर रस्ता पुरेसा दिसत होता, आणि सौर दिव्याच्या उजेडात माझी सावलीही. मी सीटवर बसले, पण एक पाय ओट्याच्या पायरीवर टेकवून सायकल सरळ धरून ठेवली. मागं बघितलं नाही. भीती वाटत होती का? थोडी वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त, मनापासून, ऋणी वाटत होतं.

"बसा," मी म्हणाले. "सावकाश बसा, घाई नाही."

साडी सावरून एका अंगानं बसायला बाईमाणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ मी थांबले. रूपाली यायला अजून तीन महिने होते. रोजची एक खेप जायची, एक यायची.

"जमेल आपल्याला," मी म्हणाले, आणि पॅडल मारलं.